राणीसावरगावहून केडगावला

रेणुका म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांना माहूरगड आठवतो. आमच्या घराण्याची रेणुका मात्र माहूरची नव्हे. ती परभणी जिल्ह्यातल्या राणीसावरगावची. पुण्यात चार-पाच पिढ्या काढलेल्या आमच्या घरात हे गाव प्रत्यक्ष पाहिलेला माणूस एकही उरला नव्हता. देवघरातल्या टाकापुरती देवी आमची आणि लग्नपत्रिकेवर वर छापण्यापुरते तिचे नाव. अशा माणसांना चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्याने एके दिवशी जेवताना सांगितले, "मला राणीसावरगावला जायचंय. नवस फेडायचाय."

"कुठला नवस, आत्या?"

"एकशे तीस वर्षांपूर्वीचा."

आम्ही सगळे हसलो. आत्या हसली नाही. म्हणून मला जावे लागले.

गंगाखेडपर्यंत आगगाडी आहे. गाव गोदावरीच्या काठी, संत जनाबाईचे. तिथे तिचे मंदिर आहे. आत्याने पायरीवर डोके ठेवले आणि म्हणाली, "हिचं बरं होतं. दळायला बसली की देव यायचा. आपल्याला एसटीतून जावं लागतंय." एसटीही अशी की दर दोन मैलांवर कुणीतरी हात करावा आणि तिने प्रत्येकाचा मान राखावा. गंगाखेड सोडले की थोड्याच वेळात जमीन उंचसखल होऊ लागते. बालाघाटच्या डोंगरांचे हे फाटे. काळ्या रानांच्या मधून एकदम उघडा खडक वर येतो, पुन्हा कपाशीचे वावर लागते. या भागाला पावसाने किती वेळा दगा दिला आहे ते ओढ्यांच्या कोरड्या पात्रांवरूनच कळते.

देवळाचे वर्णन मी करीत बसत नाही. देवीचे देऊळ जसे असावे तसे ते आहे. हळदीकुंकवाचा वास, ओट्या भरणाऱ्या बायकांची लगबग, आणि आत तांदळाला फासलेल्या शेंदरासमोर क्षणभर गप्प होणारी माणसे. आत्याने पिशवीतून खण काढला, नारळ काढला, तांदूळ मोजून घातले. पिशवीत आणखी एक खण मला दिसला. हिरवा, रेशीमकाठी.

"हा राहिला की, आत्या."

"तो देवीचा नाही," ती म्हणाली. "तो माईआजीचा."

नवसाची हकीकत मला देवळाबाहेरच्या कट्ट्यावर कळली. माईआजी म्हणजे आत्याच्या आजोबांची धाकटी बहीण. दहाव्या वर्षी विधवा झाली. भाऊ सुधारकी वळणाचा. त्याने तिला पुण्याला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात घातले. हे सदन रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत काढले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आणले. विधवा मुलींनी तिथे शिकावे, आपापला धर्म पाळावा, अशी व्यवस्था होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. पण धर्म शिकवायचा नाही, एवढे ठरलेले. अडचण निघाली ती एका दारावरून. रमाबाई रोज आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन आत जाऊन बसू लागल्या. १८९३ साली पुण्यात गदारोळ उठला. 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी आपापल्या मुली काढून नेल्या.

त्यांतच माईआजी होती. तिच्या आईने देवीला नवस बोलला होता : माझी पोर न बाटता घरी येऊ दे, खणानारळाने ओटी भरीन. पोर घरी आली. चौदा वर्षांची होती. महिनाभरात तिचे केशवपन झाले. लाल आलवण नेसून ती जी स्वयंपाकघरात शिरली ती १९५७ साली गेली तेव्हाच तिथून बाहेर पडली. नवस बोलणारी आई प्लेगात वारली आणि ओटी राहून गेली.

"तिनेच मला सांगितलं, जायच्या आधी," आत्या म्हणाली. "म्हणाली, माझ्यावरून एक नवस बोललेला आहे, तो फिटला नाही, पण फेडूच नका हो कुणी. मी सतरा वर्षांची. मला काही कळलं नाही. आता वाटतं, देवीचं देणं ठेवून कशाला मरायचं? पण देवीला आज मी सांगितलंय, ओटी घे, पण तुला त्यात आनंद झाला असेल असं मला वाटत नाही."

कुळाच्या देवीशी असे बोलण्याची रीत आमच्या घरात नाही. मी नारळाचे खोबरे चावीत गप्प राहिलो.

परतीची गाडी रात्रीची होती. ती गंगाखेडहून परळी, लातूर, बार्शी, कुर्डुवाडी करीत पहाटे दौंडला पोचते. यातल्या लातूर-कुर्डुवाडी टप्प्यावर पूर्वी बार्शी लाइटची चिमुकली गाडी धावे; तिच्या गमती ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. त्या रात्री मात्र मला झोप नव्हती आणि डोक्यात रमाबाई होत्या. आमच्या घरात हे नाव आवाज खाली आणून घेतले जाई. मी त्यांच्याविषयी वाचले ते फार उशिरा, आणि वाचून मला जे सर्वात नवल वाटले ते धर्मांतराचे नव्हे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून पंडितांपुढे जाब देणारा हा माणूस. सारे कुटुंब तीर्थामागून तीर्थ करीत हिंडे. पुराणे सांगावीत, मिळेल ते देवाब्राह्मणांना द्यावे, उद्याची चिंता देवाने करावी. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि पोथीला दक्षिणा घालणारे हात आटले. भांडी गेली, दागिने गेले. मजुरी करणे कुळाला साजेसे नव्हते आणि येतही नव्हते. रानात झाडपाला खाऊन दिवस काढल्यावर म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला, मी हमाली करीन. बेत थांबला, पण वडील, पाठोपाठ आई आणि थोरली बहीण त्या दुष्काळातच गेली. ज्या देवाला प्रसन्न करण्यासाठी एवढे सगळे केले, तो बोलला नाही. बहीणभाऊ हजारो मैल पायी चालून १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली, तोवर जुन्या श्रद्धेतले बरेच वाटेत गळून पडले होते.

पुढचे पुष्कळांना ठाऊक आहे. लग्न, मुलगी मनोरमा, १८८२ मध्ये वैधव्य, पुणे, मग विलायत. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. पण गुरुबहिणींचे सगळे मुकाट ऐकणारी ही शिष्या नव्हती. शाकाहार तिने सोडला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, यावरून ती वाद घाली. आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कुणाला विकलेली नाही, हे तिने पत्रांतून पुनःपुन्हा कळवले. आणि बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी तिने जे कबूल केले ते मला फार प्रामाणिक वाटते. ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असा त्याचा भाव. तोवर तीही, वडिलांसारखीच, देवाला पसंत पडण्यासाठी काही ना काही करीत होती. आता तिला वाटू लागले की पसंती आधीच मिळालेली आहे; कमवायची नाही, तिच्या जोरावर जगायचे.

हे बोलायला सोपे आहे. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा ते करून दाखवायची पाळी आली. अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी दहा वर्षांपुरती मदतीची हमी दिली होती, ती १८९८ मध्ये संपत होती. आणि ते पैसे शारदा सदनासाठी होते, रस्त्यावरच्या उपाशी पोरींसाठी नव्हते. रमाबाई तरीही गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, शहरात नवी माणसे आणायची नाहीत. मग केडगावला त्यांनी आधी घेतलेली जमीन होती, तिथे झोपड्या आणि छपरे उभी राहिली. तीच 'मुक्ती'. १९०० सालच्या दुष्काळात गुजरातेतल्या मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र त्यांनी वाचले होते. माणसांपुढे हात न पसरता, नुसती देवाकडे मागणी करून त्याने हजारो अनाथ सांभाळले. रमाबाईंनी तो मार्ग धरला. आता कुणी म्हणेल, त्या अहवाल छापीत होत्या, परदेशातले स्नेही ते वाचून पैसे धाडीत होते. यात चमत्कार तो कसला? हे खरे आहे. पण उद्याच्या धान्याचा पत्ता नसताना आज दारात आलेल्या पोरीला आत घेणे, हा धीर अहवाल छापून येत नाही. आणि हात जोडून त्या बसून राहिल्या नाहीत. विहिरी खणल्या, फळबाग लावली, माग घातले, तेलाचा घाणा आणला, छापखाना उभारला. वडिलांच्या श्रद्धेला मजुरीचे वावडे होते. लेकीच्या श्रद्धेने ते पहिल्या दिवशी मोडून टाकले.

सर्वच मला पटते असे नाही. दुष्काळातून आलेली, आईबाप गमावलेली पोर ज्या घरात वाढेल त्या घराचा धर्म घेईल. तिथे तिची निवड किती, हा प्रश्न राहतोच. पण मग माईआजीची निवड किती होती?

दौंड यायच्या सुमारास आत्या उठून बसली. "केडगाव वाटेत लागतं ना?"

"ही गाडी थांबत नाही बहुतेक. लोकल घ्यावी लागेल."

"मग घे."

केडगाव स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने विचारले, "बेटावर की मिशनमध्ये?" नारायण महाराजांचे दत्तस्थान, केडगावचे बेट, याच बाजूला आहे. एका स्टेशनावर उतरून भाविक दोन दिशांना जातात, याची रिक्षावाल्यांना सवय झालेली दिसली.

मिशनच्या आवारात मोठी झाडी आहे, भव्य चर्च आहे, मुलांची आणि निराधार बायकांची वसतिगृहे आहेत. रमाबाईंची कबरही इथेच. पांढऱ्या पातळातल्या एका कार्यकर्तीने आम्हाला हिंडवले. बाई साठीच्या, बोलणे खास पुणे जिल्ह्यातले. छापखान्याविषयी त्या अभिमानाने बोलल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल मराठीत आणले, अडाणी बाईला ऐकून कळेल अशा मराठीत. आणि त्याचे खिळे इथल्या बायकांनी जुळवले. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. वारस म्हणून तयार केलेली लेक. आई प्रुफे तपासत राहिली. ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ ला तीही गेली.

आत्या एका बाकावर टेकली आणि तिने सरळ विचारले, "देव संतुष्ट व्हावा म्हणून तुम्ही काय करता हो? म्हणजे आमच्यात उपास असतात, नवस असतात."

बाई जरा विचारात पडल्या. "नवस नाही करत आम्ही. फेडायचं ते त्यानं फेडलंय, असं आम्ही धरतो. सकाळी प्रार्थना करते. मग आमच्या म्हाताऱ्या आहेत अंथरुणाला खिळलेल्या, त्यांची अंगं पुसते. एक बाई रोज शिव्या देते मला. कधी कधी फार राग येतो. मग दुपारी पुन्हा प्रार्थना करते." त्या हसल्या. "संतोष होत असेल की नाही ते त्यालाच ठाऊक. मी आपली विश्वासानं करते."

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या घरी एक म्हातारी होती. दिवेलागणीला सगळे हात जोडायचे. ती डोळे मिटून हात मांडीवर ठेवून बसायची. ओठ हलायचे. आम्हाला वाटायचं, पेंगतेय." आणि तिने माईआजीची सगळी कथा सांगितली. मुली काढून नेल्या तो प्रसंग बाईंना माहीत होता. त्यातली एखादी पुढे काय झाली हे मात्र त्यांनी पहिल्यांदाच ऐकले असावे.

आत्याने पिशवीतून हिरवा खण काढला. "विधवेला कुणी खण देत नसे. हा तिचा. इथल्या कुणाला चालेल का?"

बाईंनी खण हातात घेतला नाही. संकोचून विचारले, "रागावू नका, आजी. देवीपुढं ठेवलेला आहे का? तसा असला तर आम्ही नाही घेत."

मला वाटले, आता आत्या दुखावणार. पण ती म्हणाली, "नाही. मुद्दाम नाही ठेवला. तो वेगळाच ठेवला होता."

तेव्हा बाईंनी दोन्ही हातांनी खण घेतला, काठावरून बोट फिरवले आणि शाळेकडे निघालेल्या एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला हाक मारली. मुलीने खण खांद्याला लावून पाहिला, पुरेल का म्हणून. बाही आखूड होईल, असे तिचे मत पडले. आत्या म्हणाली, काठ जोडून घे, होते नीट.

नारळाचा प्रसाद आमच्याबरोबर पुण्याला आला. त्याच्या वड्या आत्याने दुसऱ्याच दिवशी केल्या.