दोन फूट समुद्र

कन्हानला नदी आहे, नदीवर पूल आहेत, भोवताली कोळशाच्या खाणी आहेत. समुद्र मात्र नाही. समुद्र पाहायचा म्हणजे आम्हाला आगगाडीत एक रात्र काढावी लागते. नदीचे बरे आहे. सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावलेले कन्हानचे पाणी वैनगंगेत जाते, वैनगंगेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीचे बोट धरून थेट बंगालच्या उपसागरात. इथल्या शाळेत एकतीस वर्षे मी हे भूगोलाच्या तासाला सांगत आलो. "आपलं पाणी समुद्रापर्यंत जातं, आपण काही जात नाही," असा विनोद मी दर वर्षी त्याच ठिकाणी करीत असे आणि मुलेही दर वर्षी त्याच ठिकाणी हसत.

शाळेच्या कपाटात प्रवाळाचा एक पांढरा तुकडा होता. 'प्रवाळभित्ती' हा धडा आला की मी तो वर्गात फिरवी. काठाला लागून असते ती भित्ती, काठापासून दूर असते ती आणि बांगडीसारखे कंकणद्वीप, असे तीन प्रकार फळ्यावर काढी. डार्विनने १८४२ साली त्यांची उपपत्ती कशी मांडली ते सांगे. तुकडा परत कपाटात ठेवी. धडा संपला!

निवृत्तीनंतर आमच्या नातवाने, चिकूने, तो धडा पुन्हा उघडला. स्वारी तेव्हा नऊ वर्षांची. नीमो नावाच्या नारिंगी माशाचा चित्रपट पाहून आली होती.

"आबा, प्रवाळ म्हणजे झाड की दगड?"

"प्राणी."

"मग तो खातो काय?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मलाही पडला नव्हता. पुस्तके चाळली तेव्हा कळले की, प्रवाळाच्या इवल्याशा शरीरात सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून असते. ते उन्हावर अन्न तयार करते नि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळही हाताला लागेल तो बारीक जीव पकडून खातो, पण त्याची मुख्य भिस्त ह्या बिऱ्हाडकरूवरच. घरमालकालाच जेवू घालणारा भाडेकरू मी पहिल्यांदाच ऐकत होतो! मी वर्गात फिरवीत होतो तो दगड नव्हता. अशा हजारो घरमालकांचा तो सांगाडा होता.

ह्या शोधाचा शेवट असा झाला की २०२३ च्या दसऱ्याला आमच्या दिवाणखान्यात दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद नि सव्वा फूट उंच अशी काचेची टाकी आली. खाऱ्या पाण्याची. आमच्या सौभाग्यवतींनी तिच्या किमतीत काय काय आले असते त्याची यादी सांगितली. ती इथे देत नाही, कारण प्रत्येक वाचकाच्या घरी ती पाठ असते.

गोड्या पाण्यात मासे पाळणे म्हणजे भाड्याने घर घेणे. खाऱ्या पाण्यात पाळणे म्हणजे पायापासून घर बांधणे. समुद्र आधी तयार करावा लागतो. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात नुसते मीठ नसते. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असा सारा संसार असतो. त्यासाठी तयार मिश्रण मिळते. एका लिटरला पस्तीस ग्रॅम ह्या हिशेबाने आमच्या सत्तर लिटरांना सुमारे अडीच किलो लागले. गवळ्याच्या दुधाला जसे लॅक्टोमीटर, तसे ह्या पाण्यालाही एक मापक असते. त्यावर आकडा १.०२५ च्या आसपास यावा लागतो. नळाचे पाणी चालत नाही, म्हणून घरातल्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रापुढे चिकू नि मी बादल्या लावून बसलो. "आधी माणसांना पाणी प्यायला मिळेल ना?" असा प्रश्न आतून आला.

पाणी झाले, खडक रचले, पंप सुरू झाला. आता मासे? नाही. आता सहा आठवडे वाट! माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. हे दोन्ही कामगार कामावर रुजू झाल्याशिवाय मासा सोडायचा नाही. आणि त्यांना रुजू करून घ्यायचे तर आधी काहीतरी कुजले पाहिजे. आमच्या शाकाहारी घरात म्हणून मी कागदात गुंडाळून एक झिंगा आणला नि टाकीत सोडला. ज्या घरात अंड्याला प्रवेश नव्हता, तिथे दिवाणखान्यात मधोमध झिंगा कुजू लागला. सौभाग्यवतींनी तीन दिवस त्या खोलीत पाऊल टाकले नाही.

शेजारचे भाऊसाहेब रोज येऊन पाहून जात. "काहून जी गुरुजी, एवढं मोठं टाकं आणलं अन् मासोळी एक बी नाही?"

"जीवाणू आहेत," मी म्हणे.

"दिसत तं नाही जी."

"दिसायचे नाहीत."

ते माझ्याकडे जरा काळजीने पाहून परत जात.

डिसेंबरात दोन विदूषक मासे आले, प्राणवायू भरलेल्या पिशवीतून. हे मासे समुद्रातून पकडलेले नव्हते. हौदात जन्मलेले होते. त्यांची पैदास कशी करावी ह्यावर मंडपमच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन केंद्रात बरेच काम झालेले आहे. चिकूने त्यांना ठमी आणि बंड्या अशी नावे ठेवली. ह्या जातीत सगळी पिल्ले आधी नर असतात. त्यांतला जो दांडगा होतो तो मादी बनतो नि घर चालवतो. हे ऐकल्यापासून सौभाग्यवतींना टाकीविषयी आपुलकी वाटू लागली. त्यांनी बोळक्यांच्या जोडातले एक मातीचे बोळके धुऊन दिले; दोघे मासे रात्री त्यात झोपू लागले.

चिकूने एक वही घातली. रोजचे तापमान, क्षार, अन्न किती घातले, कोणी काय केले, सारे तीत. 'आज ठमीने बंड्याला हाकलले. आजीसारखे.' वही रोज तपासून मी लाल शाईने सही करी.

राहता राहिले प्रवाळ. फेब्रुवारीत मी नागपूरला एका दुकानात गेलो. दुकानदाराने इकडे तिकडे पाहिले नि मागच्या खोलीत नेले. तिथे एका हौदात हिरवट रंगाचा जिवंत प्रवाळ, शेकडो बोटे हलवीत उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी तो जिवंत पाहत होतो. माझा हात खिशाकडे गेला, हे कबूल केले पाहिजे.

पण मला माहीत होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ साली दगडी प्रवाळाच्या साऱ्या जाती पहिल्या परिशिष्टात घातल्या गेल्या, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसवल्या. आमच्या गावावरून पेंचचे वाघ पाहायला रोज गाड्या जातात. वाघाचा बछडा दिवाणखान्यात बांधावा असे कोणाच्या मनात येत नाही. प्रवाळ ओरडत नाही, म्हणून तेवढी शरम वाटत नाही, इतकेच. मी रिकाम्या हाताने परतलो.

"मग आपली प्रवाळभित्ती बिनप्रवाळाची?" चिकूने विचारले. मी नकाशा काढला. मालवणच्या किनाऱ्यालगत पाण्याखाली प्रवाळ आहेत. विजयदुर्गाच्या पश्चिमेला भर समुद्रात शंभरेक किलोमीटरवर प्रवाळांचे एक बुडालेले पठारच आहे, आणि त्याला कान्होजी आंग्र्यांचे नाव आहे. "आपले प्रवाळ तिथे आहेत," मी म्हटले, "आणि तिथेच राहू देत." आपण खरेपणाने वागलो ह्याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. तो मे महिन्यापर्यंत टिकला.

मे महिन्यात चिकू आईबरोबर अमरावतीला मामाकडे गेला. जाताना वही माझ्या हाती देऊन, रोज लिहीन असे वचन घेऊन गेला. २०२४ चा तो नवतपा नागपूरकर विसरणार नाहीत. एका स्वयंचलित यंत्राने तर ५६ अंशांचा आकडा दाखवला. ते यंत्र बिघडले होते असे हवामान खात्याने मागाहून सांगितले, पण अंगाला तो खराच वाटला! टाकीला सव्वीस-सत्तावीस अंश हवेत. मी पाण्यावर पंखा लावला. कूलरचेच तत्त्व, पाणी उडाले की थंडावा येतो. पण पाणी उडाले की कमीही होते. रोज दीड-दोन तांबे पाणी हवेत जाई, आणि मी, भूगोलाचा निवृत्त शिक्षक, कोपऱ्यात तयार ठेवलेल्या मिठाच्या पाण्याने ते रोज भरून काढी!

वाचकहो, उडते ते पाणी, मीठ खालीच राहते. मृत समुद्र का खारा? आमच्या वऱ्हाडातले लोणार का खारे? पाण्याला बाहेर वाट नाही नि ऊन पाणी पिऊन टाकते, म्हणून. ह्या प्रश्नाला मी तीन गुण ठेवीत असे. भर घालायची ती साध्या शुद्ध पाण्याने. मी मात्र तीन आठवडे दिवाणखान्यात लोणार तयार करीत होतो. वहीत तापमान लिहिले; क्षाराच्या रकान्यात मापक न लावताच 'ठीक' लिहीत गेलो.

महिनाअखेर एका संध्याकाळी वादळ झाले नि वीज गेली. पंप थांबला. पाणी गरम होते नि खारटही, म्हणजे आधीच त्यात प्राणवायू कमी. मी तांब्याने पाणी उचलून उंचावरून टाकीत सोडत बसलो. हात दुखले की सौभाग्यवती सोडीत. पहाटे तीनला वीज आली. ठमी बोळक्याच्या तोंडाशी धापा टाकीत होती. बंड्या खडकामागे आडवा पडला होता.

सकाळी मी मापक लावले. १.०३४!

समुद्रातही ऊन पडते, पाणी उडते, जीव मरतात, कुजतात. पण त्याचे पोट मोठे आहे. तो सारे पोटात घालतो. आमचे पोट सत्तर लिटरांचे. लहान घरात चूक लपायला जागा नसते. आणि समुद्राच्या पोटालाही सीमा आहे. त्याच वर्षी एप्रिलात शास्त्रज्ञांनी जाहीर केले होते की, तापलेल्या पाण्यामुळे जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची ही चौथी मोठी लाट आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एखाद-दुसऱ्या अंशाने काही आठवडे अधिक तापले, की प्रवाळ आपल्या शैवालाला घराबाहेर काढतो, पांढरा पडतो आणि पुष्कळदा उपासमारीने मरतो. वर्तमानपत्रातली ती बातमी मी कापून वहीत चिकटवली होती. समोरच्या टाकीत मापक मात्र घातले नव्हते.

पाणी हळूहळू मूळ पदावर आणले. आणि मग मी ते केले, जे सांगायला आज संकोच वाटतो. नागपूरहून तेवढाच दुसरा मासा आणला. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "सांगून टाका हो त्याला." मी म्हटले, "पोर आहे, रडेल."

जूनच्या मध्यावर चिकू आला. टाकीला नाक लावून बराच वेळ पाहत राहिला. मी वर्तमानपत्र वाचीत होतो, म्हणजे तोंडासमोर धरले होते. "छान आहेत दोघं," एवढे म्हणून तो खेळायला गेला. मी सुटलो.

शाळा सुरू झाल्यावर त्याने वही पुन्हा आपल्याकडे घेतली. मला तपासायला मात्र दिली नाही. मीही मागितली नाही.

दिवाळीच्या साफसफाईत ती टाकीखालच्या कपाटात सापडली. चाळता चाळता जूनचे पान आले. लिहिले होते: 'बंड्याचा मधला पांढरा पट्टा एका बाजूला तुटका होता. ह्याचा पूर्ण आहे. हा बंड्या नाही. आबांना विचारायचे नाही. त्यांना वाईट वाटेल.'

मी तिथेच, उघड्या कपाटासमोर, जमिनीवर बसून राहिलो. समुद्राचे पोट मोठे असते असे मी समजत होतो. आमच्याच घरात नऊ-दहा वर्षांच्या पोराने माझी चूक नि माझे खोटे दोन्ही पोटात घालून पाच महिने काढले होते.

लाल शाईचे पेन शोधले. त्या पानाखाली लिहिले: 'उडते ते फक्त पाणी. मी मिठाच्या पाण्याने भर घातली. माप न घेता "ठीक" लिहिले. बंड्या माझ्या चुकीने गेला, आणि मी ते लपवले.' खाली सही केली नि वही त्याच्या दप्तरावर ठेवली.

तो काही बोलला नाही. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पाहतो तो वही टाकीवर उघडी पडलेली. माझ्या मजकुरासमोर पेन्सिलीने बरोबरची खूण होती नि शेजारी '३ पैकी ३'.

संध्याकाळी पणत्या लावून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे टाकीत भर घालायला तांब्या उचलला. ठमी आणि तो दुसरा, ज्याचे बारसे अजून व्हायचे होते, बोळक्यातून डोके काढून पाहत होते. चिकूने माझा हात धरला, तांब्यात बोट बुडवले नि जिभेला लावून पाहिले.

"साधंच आहे," तो म्हणाला. "घाला आबा."