गोधडी

लालबागच्या आमच्या चाळीत मांजर पाळायची पद्धत नव्हती. मांजरं असायची, एवढंच. कुठलं कोणाचं, असं विचारणारा माणूस हमखास बाहेरचा निघायचा.

गोधडी जिन्याखाली, जुन्या फळ्यांच्या आड जन्मली. पांढऱ्या अंगावर काळे-तांबूस तुकडे, म्हणून आजीने हे नाव ठेवलं. दुसऱ्या मजल्यावर ती मनी होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांकडे राणी. तिन्ही हाकांना ती ओ द्यायची. फक्त हाकेबरोबर मासळीचा वास आला पाहिजे. कोळीण टोपली घेऊन आली की ही आधी हजर. मांदेलीची डोकी कोणाच्या वाट्याची, यावर बायका भांडत नसत, कारण तो वाटा ठरलेला होता. एप्रिल-मे महिन्यांत मसाला गल्लीतले डंक सुरू झाले, हवेत मिरचीचा खकाणा पसरला की शिंका देत ती वर मास्तरांच्या खाटेखाली मुक्काम हलवायची.

मास्तर विज्ञान शिकवायचे. गॅलरीत बसून त्यांनी आम्हा पोरांना सांगितलं होतं की मांजराचा तांबूस किंवा काळा रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. दोन्ही रंग एकत्र दिसायला दोन एक्स लागतात, म्हणून तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. गोधडीने दर वर्षी पिल्लं घालून ते सिद्धही केलं.

शेवटी पहिल्या मजल्यावरची कॉलेजातली ताई तिला झाकणाच्या टोपलीत घालून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात घेऊन गेली. पाटीवर त्याचं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. १८७४ साली स्थापन झालेल्या, जनावरांवरचं क्रौर्य रोखणाऱ्या संस्थेचं ते. तिथे केसपेपरवर मालकाचं नाव विचारलं. ताईने चाळीचं नाव लिहून टाकलं. गोधडी परत आली तेव्हा एका कानाचं टोक छाटलेलं होतं. नसबंदी झाल्याची ती खूण.

मग पुनर्विकास आला. भाडं, डिपॉझिट, कार्पस, कोणाला किती चौरस फूट, यांवर सभा झडल्या. मांजराचा विषय कुठल्याच इतिवृत्तात नव्हता. पण मांजराचा जीव माणसापेक्षा जागेत जास्त गुंततो, चाळ पाडली तरी ती ढिगाऱ्यातच घुटमळत राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सामान भरताना आई म्हणाली, "हिला आपण नेऊ या." बाकीच्यांनी मान डोलावली. कोणी बदलापूरला निघालं होतं, कोणी कळव्याला. आम्ही कांजूरमार्गला, नवव्या मजल्यावर.

तिथे गेल्यावर कळलं, मांजर पाळणं म्हणजे काय. आधी खिडक्यांना जाळ्या बसवल्या, कारण कबुतरामागे झेप घेताना मांजरं उंचावरून पडतात. सुरुवातीला तिला एकाच खोलीत ठेवलं, चाळीतली न धुतलेली सतरंजी घालून. ओळखीचा वास असला की मांजरं लवकर रुळतात. वाळूचा ट्रे आला, विकतचं खाणं आलं. तरी रात्र रात्र ती बंद दाराशी बसून ओरडायची. चाळीत दिवसाउजेडी दार बंद असलं तर घरात कोणी आजारी आहे, असं समजत. इथे सगळ्यांची दारं बंद. समोरच्या घरातल्यांचं आडनाव आम्हाला दारावरच्या पाटीवरून कळलं. अशा मजल्यावर सगळ्यांचं मांजर असूच शकत नाही. ते कोणा एकाचं असावं लागतं. गोधडी आमची झाली ती अशी, दुसरा इलाज नव्हता म्हणून.

चाळीतले फोन मात्र तिच्यासाठी यायचे. "मनी जेवते का?" मग हळूच बिल्डरने भाडं थकवल्याचं निघे, कोणाच्या मुलीचं लग्न ठरल्याचं निघे.

म्हातारपणी ती बादलीतलं पाणी सारखं पिऊ लागली, वजन उतरलं. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं. मूत्रपिंडं थकली होती. हा आजार बरा होत नाही, पण शरीरात पाणी राहिलं तर दिवस सुसह्य जातात. डॉक्टरांनी घरीच सलाईन द्यायला शिकवलं. खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलायची आणि सुई कातडीखाली सरकवायची. तिथे पाण्याचा फुगवटा येतो, तो हळूहळू जिरतो. बाटली खिडकीच्या हुकाला टांगून बाबा तिला धरत आणि सुई आई टोचत असे. आयुष्यभर गिरणीच्या वेळेने चाललेले बाबा या कामाची वेळही चुकवत नसत. कळव्याच्या काकूंनी फोनवर सुचवलं, "अंग गरम असेल तर पॅरासिटामॉलची पाव गोळी दे." डॉक्टरांनी हात जोडले. मांजराला ती गोळी विषासारखी. यकृत आणि रक्त दोन्ही बिघडवते.

पावसाळा संपता संपता ती गेली. चाळीत असतो तर मागच्या उंबराखाली खड्डा खणला असता. इथे सगळीकडे फरशी. मालाडला महापालिकेने २०२३ मध्ये लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय केली आहे, तिथे नेलं.

संध्याकाळी बाबांच्या फोनवर काकूंकडून पैसे आले. दवाखान्याच्या खर्चातला वाटा, असं खाली लिहिलेलं. बाबा फोन करून म्हणाले, "वहिनी, हे कशाला? आमच्या घरातलं मांजर होतं."

"तुमच्या घरातलं कधीपासून?" काकू म्हणाल्या. "जागा नव्हती म्हणून तुमच्याकडे ठेवली होती."

बाबांनी पैसे परत पाठवले नाहीत.