छापील बाजू आत

माझ्या वडिलांचा, आबांचा, चेहरा आठवण्याआधी मला त्यांची चिमूट आठवते. लग्नाच्या मांडवात, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही नवं कापड दिसलं की त्यांचा हात पुढे जायचा. कडेचं कापड अंगठा आणि तर्जनीत धरून ते हलकेच चोळायचे, उजेडाकडे करून बघायचे आणि मग त्या माणसाची विचारपूस करायचे. समोरच्यालाही त्याचं काही वाटायचं नाही, कारण हे गावच कापडाचं. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे माग गल्लोगल्ली पोचले. आमच्या गल्लीत वीज गेली आणि माग थांबले की झोपलेली पोरं दचकून उठायची. शांतताच आम्हाला अनोळखी होती.

आबा आधी कामगार होते, नंतर माग जुळवून देणारे जॉबर झाले. कापडाची शंका आली की ते कडेचा एक धागा उसवून काढायचे आणि काडी ओढायचे. कापसाचा धागा कागदासारखा जळायचा, वासही कागदाचाच यायचा आणि मागे राखाडी भुगा उरायचा. चिमटीत धरला की तो नाहीसा व्हायचा. पॉलिएस्टरचा धागा मात्र आधी आक्रसायचा, मग वितळायचा आणि टोकाला एक काळा, टणक मणी सोडून जायचा. तो मणी थंड झाला की आबा माझ्या तळहातावर ठेवायचे. म्हणायचे, "बग. हे अंगावर घालून चुलीम्होरं बसायचं न्हाई." सात-आठ वर्षांचा असेन मी. कापडाबद्दलचा तो माझा पहिला धडा, आणि आजही गिऱ्हाइकाला सांगताना मी तिथूनच सुरुवात करतो.

माझ्या आयुष्यातला पहिला छापील टी-शर्ट 1994 सालचा. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी आम्ही वर्गणी काढून शिवून, छापून घेतलेला. पांढरा, छातीवर निळी जाडजूड अक्षरं. तो घालून मी घरी आलो तेव्हा आबांनी अक्षरांकडे पाहिलंच नाही. खालची कड उलटी करून बराच वेळ निरखली. "हितं ताणा-बाणाच न्हाई की," असं म्हणून त्यांनी आजीला हाक मारली. आजीने एका नजरेत ओळखलं. म्हणाली, "टोपड्यागत इणलंय."

आजीचं बरोबर होतं. मागावरच्या कापडात उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांना पार करतात, म्हणून ते ताठ राहतं. टी-शर्टच्या होजिअरी कापडात धागा फास घालत जातो, आणि एका फासातून पुढचा फास ओवला जातो. सिंगल जर्सी कापड भिंगाखाली धरा. सुलट बाजूला इंग्रजी व्हीसारख्या बारीक खुणांच्या रांगा दिसतील, उलट बाजूला अर्धचंद्रांच्या. फासांना हलायला जागा असते, म्हणून ते अंगाबरोबर ताणतं आणि परत येतं. आणि म्हणूनच त्यावर छापलेली शाईसुद्धा ताणली जायला हवी. माझ्या त्या टी-शर्टवर रबर प्रिंटचा जाड थर होता आणि कापड विरळ. दिवाळीपर्यंत अक्षरांना उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा पडल्या. छपाईवाल्याने अक्षरं मन लावून काढली होती. कापड कसं वागणार आहे, हे मात्र कुणी विचारात घेतलं नव्हतं.

2001 साली मी स्वतः स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान टाकलं. चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर इमल्शनचा थर, दिव्याखाली उमटवलेलं चित्र, आणि मग स्क्वीजीने एका दमात ओढलेली शाई. हाताला ते काम लवकर बसलं. शाई, रंग, अक्षरं यांतच मी गुंग होतो. कापड ही मला दुकानातून आणायची वस्तू वाटायची. यंत्रमागावरच्या माणसाचा मुलगा असून.

2004 साली एका गावच्या कबड्डी संघाचे बावीस टी-शर्ट आले. तेलकट चकाकीचं लालभडक पॉलिएस्टर, आणि पाठीवर पांढरे आकडे छापायचे होते. छापले, नेहमीसारखी भरपूर उष्णता देऊन शाई पक्की केली, घड्या घालून गठ्ठा बांधला. आकडे असे स्वच्छ पांढरे उठले होते की मीच दोनदा पाहिले. सामन्याच्या आदल्या दिवशी पोरं न्यायला आली. गठ्ठा सोडला तर सगळे आकडे गुलाबी. त्यांच्यातला सगळ्यात लहान खेळाडू काहीच बोलला नाही, नुसता बोटाने आकडा पुसून बघत राहिला, जणू वर काही सांडलंय. मी पैसे परत केले. ती पोरं तेच गुलाबी आकडे पाठीवर घेऊन मैदानात उतरली. त्या लहान्याचं बोट अजून माझ्या डोळ्यांसमोर येतं.

पॉलिएस्टरचा रंग कापसाच्या रंगाहून वेगळ्या जातीचा असतो, हे मला त्यानंतर कळलं. पुरेशी उष्णता मिळाली की तो वाफ होऊन तंतूतून बाहेर पडतो आणि वरच्या शाईत शिरतो. आमची शाई पिकवायला 160 अंशांच्या आसपास उष्णता लागते. तेवढ्यात लाल रंग जागचा हलला होता आणि पुढचे दोन दिवस घडीत हळूहळू वर येत राहिला. आता तशा कापडावर मी कमी उष्णतेत पिकणारी, रंग अडवणारी शाई वापरतो आणि आधी एक तुकडा छापून दोन दिवस ठेवून देतो.

पण ज्या गुणाने तेव्हा घात केला, त्याच गुणावर आज खेळाडूंच्या जर्सी छापल्या जातात. सब्लिमेशनमध्ये कागदावरचा रंग 200 अंशांच्या आसपास वाफ होऊन पॉलिएस्टरच्या तंतूत जाऊन बसतो. हाताला थर लागत नाही, भेगा पडत नाहीत, पण कापड पांढरं किंवा फिकटच लागतं. तोच रंग कापसावर टिकत नाही, धुण्यात निघून जातो. शेवटी कापडात वाईट असं काही नसतं. त्याचा स्वभाव असतो, आणि तो आधी विचारावा लागतो.

मग मी तिरुपूरला गेलो. नोय्यल नदीकाठचं ते गाव म्हणजे देशाच्या होजिअरीचं माहेर. तिथे गोल यंत्रांतून कापड नळीसारखं खाली उतरताना पाहिलं, तेव्हा आबा सोबत हवे होते असं फार वाटलं. तिथेच मी कापड तोलायला शिकलो. गोल कटरने बरोबर शंभर चौरस सेंटीमीटरची चकती कापायची आणि सोनाराच्या काट्यासारख्या बारीक काट्यावर ठेवायची. 1.8 ग्रॅम भरली तर ते कापड 180 जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला 180 ग्रॅम. 140-150 चं कापड स्वस्त पडतं, पण त्यातून आतलं दिसतं आणि दाट छपाईने ते ओढलं जातं. 220 च्या पुढे अंगावर भार येतो, आपल्याकडच्या उन्हात तर नकोच. बायोवॉश का करतात तेही तिथेच समजलं. विकराच्या पाण्याने कापडावरची बारीक लव खाऊन टाकलेली असते. ती राहिली तर पहिल्या धुण्यात तंतू शाईतून डोकं वर काढतात आणि छपाई पिठूळ दिसू लागते.

आता कुणी मोबाइलवर चित्र घेऊन आलं की मी चित्र बाजूला ठेवायला सांगतो. कोण घालणार, कुठे घालणार, किती वेळ अंगावर राहणार, एवढं आधी विचारतो. खानावळीतल्या, भट्टीजवळच्या माणसांना सुतीच, कारण तो वितळलेला मणी माझ्या तळहातावर अजून आहे. लहान मुलांनाही सुतीच. कापूस हवेतूनच आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून एक घाम टिपतो आणि दुसरा चटकन वाळतो. धावणाऱ्याला दुसरा बरा.

एका दिंडीप्रमुखांनी मात्र मला कोड्यात टाकलं. साठ टी-शर्ट हवे होते. आळंदी ते पंढरपूर, आषाढाचा पाऊस, मुक्काम तंबूत. ते म्हणाले, "माउली, रात्री धुतला की पहाटं अंगात घालता आला पायजे. आन् उन्हात भाजायबी नको." निव्वळ सुती रात्रीत वाळणार नाही, निव्वळ पॉलिएस्टर दुपारी सोसणार नाही. कापूस-पॉलिएस्टरचं मिश्र कापड दिलं, छपाई छातीवर लहानशी ठेवली. वारीहून परतल्यावर त्यांनी आपला टी-शर्ट मुद्दाम आणून दाखवला. वाळायची तक्रार नव्हती, पण पिशवीचा पट्टा घासून खांद्यावर बारीक गोळे आले होते. मिश्र कापडाची ही खोड मी सांगायला विसरलो होतो. पुढच्या वर्षी सांगितली. ते म्हणाले, "चालंल, तेच द्या."

आबा गेले त्या वर्षी आईने वाकळ शिवायला घेतली. खाली तिची जुनी लुगडी, मध्ये आबांचे सदरे, धोतरं, आणि वर माझे, पोरांचे विटलेले टी-शर्ट. होजिअरीचं कापड ताणतं म्हणून ती कुरकुरत होती आणि चारी कडांना आधी कच्चे टाके घालत होती. मी जवळ बसून सुईत दोरा ओवून देत होतो. तिने प्रत्येक टी-शर्ट फाडून पसरला आणि छापील बाजू आत घातली. गॅदरिंगची भेगाळलेली निळी अक्षरं, मंडळाचा गणपती, मॅरेथॉनची तारीख आणि मी वीस वर्षांत छापलेलं सगळं एकेक करून आत गेलं.

"आई, चित्रं वर ठेव की. छान दिसतील."

तिने मान वर केली नाही. "चित्र बघणाऱ्यासाठी, लेका. निजलेल्या माणसाला कापडच लागतं."

त्या रात्री ती वाकळ अंगावर घेऊन पडलो. अंधारात हात फिरवला तेव्हा आतली अक्षरं बोटांना जाडसर लागली, पण वाचता आली नाहीत. मग एका ठिकाणी बोटं आपोआप थांबली, अंगठा आणि तर्जनी जवळ आली आणि कापड चोळू लागली. सुती. 180 चं. बायोवॉश केलेलं.