पहिला पैसा, पहिली ऑर्डर

वैद्यकीय उपकरण बनवणाऱ्या स्टार्टअपकडे सुरुवातीची काही वर्षं विकायला काहीच नसतं. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात दहा हजार रुपयांवर उभी राहिली, हे आपल्याकडे कौतुकाने सांगतात, आणि ते रास्तच आहे. पण रक्त तपासणाऱ्या यंत्राचं तसं नसतं. त्याला रसायनं लागतात, साचे लागतात, रुग्णालयाच्या नैतिकता समितीची परवानगी लागते.

औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागातून निवृत्त झाल्यावर मी पुण्यातल्या अशा नवउद्योजकांना कागदपत्रांत मदत करू लागले. त्यातल्या एका मुलीने हिमोग्लोबिन मोजणारं तळहाताएवढं यंत्र माझ्यासमोर ठेवलं. खोकं थ्रीडी प्रिंटरवर काढलेलं, बॅटरी चिकटपट्टीने बसवलेली.

"या प्लास्टिकचा बॅच नंबर कुठे लिहिलायस?" मी विचारलं.

"मॅडम, यंत्र बरोबर आकडा दाखवतंय ना!"

दाखवत होतंच. पण शंभरावं यंत्रही पहिल्यासारखाच आकडा दाखवेल, याचा पुरावा नोंदींतूनच मिळतो. आयएसओ १३४८५ हे मानक तेच मागतं. एप्रिल २०२०पासून आपल्याकडे सगळीच वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली आहेत, त्यामुळे यातून सुटका नाही. त्या दुपारी तिने नवी वही सुरू केली आणि कच्च्या मालाच्या पावत्या तारीखवार लावायला घेतल्या.

हे सगळं होईपर्यंत पगार कोण देणार? खासगी गुंतवणूकदार पहिल्याच भेटीत विक्री विचारतो. म्हणून मला 'बायरॅक' ही सरकारी संस्था फार मोलाची वाटते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ साली ती स्थापन केली. तिच्या बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँटमधून नुसत्या कल्पनेला ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, साधारण १८ महिन्यांसाठी, टप्प्याटप्प्याने. आणि बदल्यात कंपनीत हिस्सा द्यावा लागत नाही. हिमोग्लोबिनच्या यंत्रवाल्या त्या मुलीला तेच अनुदान मिळालं, म्हणून तर ती टिकली.

पैशाइतकाच आधार शेजाराचा. पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने २००७ साली उभारलेल्या व्हेंचर सेंटरसारख्या ठिकाणी महागडी उपकरणं सामायिक वापरता येतात. शेजारच्या खोलीतल्याने तोच अर्ज गेल्या वर्षी भरलेला असतो. भोसरीत कमी नगांचा साचा कोण करून देईल, हे हिला अशाच एका शेजाऱ्याने सांगितलं. स्पर्धक असूनही लोक फोन नंबर देतात. स्टार्टअप संस्कृती म्हणतात ती मला तिथे दिसते. बक्षीससमारंभांत तितकीशी नाही.

धोरणंही हळूहळू सुधारली. स्टार्टअपमधल्या गुंतवणुकीवर २०१२च्या अर्थसंकल्पातून आलेला एंजल टॅक्स २०२४मध्ये रद्द झाला. २०२१च्या सीड फंड योजनेत ९४५ कोटी ठेवले गेले. अनुदान संपून गुंतवणूकदार येईपर्यंतची दरी मात्र अजून रुंदच आहे. ती बुजायला नवी योजना हवी असं मला वाटत नाही. सरकारी रुग्णालयाची एक ऑर्डर पुरेशी असते, कारण ती दाखवली की गुंतवणूकदाराचे निम्मे प्रश्न मिटतात. निविदेतल्या उलाढालीच्या आणि पूर्वानुभवाच्या अटींतून स्टार्टअपना सवलत देण्याची मुभा केंद्राने २०१६मध्येच दिली आहे. प्रत्यक्ष खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याने ती वापरायला हवी. त्या मुलीने गेल्या महिन्यात या सवलतीचा उल्लेख करून एका जिल्ह्यात निविदा भरली आहे.