मावशीचे देणे

एटापल्लीस येऊन मला आता काही वर्षे झाली. आलापल्लीहून जंगलातून येणारा आमचा रस्ता पूर्वी दिवे लागण्याच्या सुमारास निजून जात असे, असे येथील जुनी माणसे सांगतात. २०२१ साली सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिज काढण्याचे काम पुन्हा सुरू झाले आणि या रस्त्याला मालमोटारींची सोबत जडली. मोटारींबरोबर माणसेही आली. कोणी चालक, कोणी मदतनीस, कोणी यंत्रावरचा कामगार. घरदार सोडून आलेल्या या माणसांना दोन वेळा जेवू कोणी घालायचे, हा प्रश्न कोणत्याही सरकारी कागदावर लिहिलेला नसतो. त्याचे उत्तर बहुधा एखादी बाईच देत असते.

अशीच एक बाई गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझ्याकडे आली. पती निवर्तलेला, पदरात दोन मुले. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या आडोशाखाली ती भात, वरण आणि एक भाजी रांधते. "फादर, बँकेत माझ्यासाठी शब्द टाका," ती म्हणाली. "मोठी पातेली घ्यायची आहेत. तांदूळ पोत्याने घेतला तर स्वस्त पडतो. रोज दुकानातून चार-चार किलो आणण्यात माझी कमाई जाते."

मी तिची वही पाहण्यास मागितली. पानापानावर उधारी होती. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, हिशेबनीस झालो नाही. तरीही त्या दिवशी मी हिशेबनिसाचा आव आणला. "अगोदर ही उधारी बंद करा," मी म्हटले, "मग बँकेचे पाहू."

ती क्षणभर थांबली. मग अगदी सौम्यपणे म्हणाली, "फादर, त्यांना पगार महिन्याने मिळतो. भूक रोज लागते."

ती निघून गेली. मी प्रार्थनेला बसलो, परंतु मन स्थिर होईना. ते वाक्य मी पूर्वी कोठेतरी ऐकले होते. या शब्दांत नव्हे, पण याच अर्थाने. आणि ज्याच्या तोंडून ऐकले, तो माझा बाप होता.

माझे वडील सावंतवाडीकडचे. तरुणपणी मुंबईस गेले आणि परळच्या एका गिरणीत लागले. एका खोलीत पंधरा-वीस गडी राहत. पाळीप्रमाणे कोणी निजे, कोणी उठे. जेवण मात्र सगळ्यांचे एका मावशीकडे. ती सातारकडची, गळ्यात तुळशीची माळ असलेली. दहा बाय बाराच्या खोलीत ती पहाटेपासून भाकऱ्या थापीत असे. माझे वडील ख्रिस्ती आहेत हे तिने लक्षात ठेवले होते. गुड फ्रायडेला न सांगता त्यांचे ताट ती बाजूला ठेवी आणि सायंकाळी देवळातून परतल्यावर पेज वाढी. पैसे महिनाअखेरीस, पगार झाला की.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मिटला असे कधीच झाले नाही. पगार थांबला, मावशीची चूल थांबली नाही. माझे वडील आठ महिने तिच्याकडे उधारीवर जेवले आणि एके दिवशी पत्र्याची पेटी उचलून गावी परतले. मी तेव्हा शाळेत होतो. पुढे ते शेतावर राबले, आम्हा भावंडांना शिकविले, माझ्या गुरुदीक्षेला नवा सदरा घालून पहिल्या बाकावर बसले. अखेरच्या आजारात मात्र त्यांच्या ओठांवर एकच वाक्य होते : "मावशीचा देणा रवला रे." मी मुंबईस जाऊन शोध घेतला. चाळीच्या जागी उंच इमारत उभी होती. मावशीचा पत्ता लागला नाही.

त्या शोधात मला दुसऱ्याच एका बाईची ओळख झाली. तिच्याविषयी आज लिहायचे आहे. तिचे नाव प्रेमाताई पुरव.

प्रेमाताईंचा जन्म १९३५ साली गोव्यात झाला. पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या लढ्यात त्या अगदी कोवळ्या वयात उतरल्या आणि पायात गोळी लागून जायबंदी झाल्या. पुढे मुंबई हीच त्यांची कर्मभूमी झाली. त्या साम्यवादी चळवळीत आणि कामगार संघटनांत वावरल्या. त्यांचे पती दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांचे नेते होते. आपल्या वाचकांपैकी काहींना अशा व्यक्तीची ओळख या पानांवर अनपेक्षित वाटेल. परंतु भुकेल्याला अन्न देणाऱ्याला परमेश्वर कोणत्या पक्षाचे ओळखपत्र विचारतो, असे मला आढळलेले नाही.

गिरणगावात संपकाळी फिरताना प्रेमाताईंच्या एक गोष्ट ध्यानी आली. सभेत भाषणे पुरुषांची होत, निधीची चर्चाही पुरुषच करीत; पण संपकऱ्याच्या पोटाला आधार खाणावळवालीचा असे. ती वाण्याकडून उधार धान्य आणी, वाणी अडला तर सावकाराकडे जाई, मंगळसूत्र गहाण टाकी आणि जबर व्याज भरी. हजारो पुरुषांना पत देणारी ही बाई स्वतः मात्र कोणाच्याही लेखी पत नसलेली होती. तिच्या नावावर घर नाही, दुकानाचा परवाना नाही, सहीऐवजी अंगठा. तिच्या कामाला कोणी धंदाही म्हणत नसे.

१९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. १९७२ पासून दुर्बल घटकांना सालीना चार टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजनाही होती. पण योजना कागदावर, आणि खाणावळवाली चुलीपुढे. या दोहोंमधले अंतर प्रेमाताईंनी पायी तुडविले. १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले. पहिल्या चौदा बायकांना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी पंधराशे रुपये कर्ज मिळाले. तारण म्हणून द्यावे असे त्यांच्याजवळ काहीच नव्हते, म्हणून बायकांचे गट झाले आणि त्या एकमेकींना जामीन राहिल्या. एकीने हप्ता चुकविला तर इतरजणी तिच्या दारात उभ्या राहत : कधी जाब विचारायला, कधी तिच्या आजारपणात तिची चूल पेटवायला. या चौदाजणींच्या मागून हजारोजणी आल्या. पुढे मंडळाने स्वतः जेवण पुरविण्याचा व्यवसाय उभारला, वाशी येथे नोकरी करणाऱ्या महिलांसाठी वसतिगृह काढले, निराधार स्त्रियांना स्वयंपाकाचे शिक्षण देऊन कामाला लावले. २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कन्या मेधाताई पुरव-सामंत यांनी १९९३ पासून पुण्याच्या वस्त्यांत हेच कार्य नव्या रूपात वाढविले. २०२४ साली प्रेमाताई निवर्तल्या.

हे सारे वाचून माझ्या मनातील दानधर्माच्या कल्पनेस धक्का बसला. दाता म्हणजे ज्याच्याजवळ भरपूर आहे आणि जो त्यातून थोडे काढून देतो, असे आपण मानतो. देवळाच्या भिंतीवरील संगमरवरी पाट्या तेच सांगतात. प्रेमाताईंनी खाणावळवालीकडे गरीब बाई म्हणून पाहिले नाही. ती आधीपासूनच दाती आहे, हे त्यांनी ओळखले. तिची उधारीची वही हेच तिचे दानपत्र होते. तिला भिक्षा नको होती. देत राहता यावे म्हणून पत हवी होती. कोणाला जेवू घालणे हे पुण्य खरेच. पण जेवू घालणाऱ्या हाताला बळ देणे, आणि तेही त्या हाताचा मान राखून, हे त्याहून अवघड. कारण त्यात देणाऱ्याचे नाव मागे राहते आणि चुलीपुढच्या बाईचे नाव पुढे येते.

वडिलांनी एकदा सांगितलेली गोष्ट मला तेव्हा उमगली. संपाच्या दिवसांत मावशी अधूनमधून लुगडे नीटनेटके करून "सभेला" जात असे आणि परत आली की पासबुक देवाच्या फळीवर ठेवीत असे. मुलगा असताना मी त्यावर हसलो होतो. आठ महिने माझ्या बापाच्या ताटात भाकरी कोठून येत होती, याचा विचार मला तेव्हा शिवलाही नाही. ज्या भाकरीवर माझा बाप जगला, ती उधारीची होती. आणि त्याच बापाचा मुलगा एटापल्लीत एका बाईला उधारी बंद करण्याचा उपदेश करीत होता!

दुसऱ्या दिवशी मिस्सा आटोपून मी तिच्या आडोशाकडे गेलो. क्षमा मागण्याचा पाठ मी लोकांना नेहमी देतो. स्वतः मागताना जीभ जड झाली. ती म्हणाली, "बसा फादर, आधी जेवा."

जेवताना मी तिला प्रेमाताईंची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता तिने शेजारच्या चहावालीला हाक मारली. पुढच्या आठवडी बाजारापर्यंत पाचजणी जमल्या : दोघी जेवण रांधणाऱ्या, एक चहावाली, एक भजी तळणारी, एक मोहफुले व डिंक विकणारी. बँकेत मी त्यांच्याबरोबर गेलो खरा, पण बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. कागद पुरे करण्यास चार खेपा झाल्या, मधल्या पावसात दोनदा रस्ता बंद पडला. दिवाळीच्या आधी कर्ज मंजूर झाले. जामीन त्या एकमेकींना राहिल्या. माझ्या सहीची गरज पडली नाही.

आता तिच्याकडे दोन मोठी पातेली आहेत आणि तांदूळ पोत्याने येतो. उधारीची वही मात्र तशीच आहे, किंबहुना थोडी जाड झाली आहे. परवा एक चालक महिन्याचे पैसे न देताच गाडी सोडून गावी गेला, असे तिने सांगितले. मी विचारले, "आता हो?"

"त्याच्या घरी काही झालं असेल," ती म्हणाली आणि पुढच्या ताटात भात वाढू लागली.

माझ्या डोळ्यांसमोर पत्र्याची पेटी घेतलेला माझा बाप उभा राहिला. त्या चालकाचे किती पैसे राहिले, हे मी तिला विचारले नाही. बिशीच्या डब्याशेजारी तिची वही पडली होती. तिच्या पानांत मी काही नोटा ठेवल्या आणि निघालो. मागून तिने हाक मारली, "फादर, हे कोणाच्या नावावर लिहू?"

मी वडिलांचे नाव सांगितले.