सात प्रती

सर्वांच्या मालकीची म्हणून जी वस्तु असते तिला धनी पुष्कळ असतात, पण वाली मात्र कोणीच नसतो, असा माझा जुना अनुभव आहे. पेणच्या आमच्या घरामागें पूर्वीं एक सामाईक विहीर होती. तिचें पाणी चार बिऱ्हाडें भरीत. परंतु रहाट कुरकुरूं लागला म्हणजे त्याला तेल घालण्याची पाळी नेमकी पांचव्या बिऱ्हाडाची असे! विहीर आतां बुजली आहे आणि बिऱ्हाडेंही पांगलीं आहेत. तिची जागा सध्यां आमच्या माजघरांतील एका प्रिंटरनें घेतली आहे. घरांत संगणक तीन: एक चिरंजीवांचा, एक सूनबाईंचा, आणि त्या दोघांनीं वापरून जुना झालेला तिसरा माझा. प्रिंटर मात्र एकच. कोणत्याही खोलींतून हुकूम सोडावा आणि माजघरांत कागद पडावा, अशी ही बिनतारी व्यवस्था. ती चालू असते तोंवर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहात नाहीं. बंद पडली म्हणजे मात्र सारें घर तिच्याभोंवतीं जमतें.

मागच्या श्रावणांत ती बंद पडली. श्रावणांत पेणमध्यें काय धांदल असते हें बाहेरच्या माणसाला सांगून कळावयाचें नाहीं. गांवांतल्या आळ्यांतून आणि हमरापूर-जोहें बाजूच्या खेड्यांतून गणपतीच्या मूर्तींवर अखेरचा हात फिरत असतो. कोठें रंग वाळत असतो, कोठें डोळ्यांची आंखणी चाललेली असते. सूनबाई अशाच एका कारखान्याचे हिशेब घरीं बसून लिहितात. त्यांच्या बिलांचा गठ्ठा निघावयाचा होता. नातीला शाळेंत नेण्यासाठीं कसलासा तक्ता हवा होता. आणि मला हवें होतें एक पत्र.

पत्र रोह्याला, दादाला पाठवावयाचें होतें. दादा माझा थोरला भाऊ. धाटावच्या एका कारखान्यांत नोकरी लागल्यापासून तो रोह्यास राहतो. पण घरचा गणपति पेणला, आणि त्याची पूजा दादानें करावयाची, हा वडिलांच्या पश्चात् चालत आलेला शिरस्ता. तीन वर्षें झालीं, दादा गणपतीला आला नव्हता. पहिल्या वर्षीं ‘प्रकृति बरी नाहीं’ असा निरोप आला, दुसऱ्या वर्षीं ‘पाऊस फार आहे’ असा, आणि तिसऱ्या वर्षीं निरोपही आला नाहीं. यासंबंधीं आमच्या घरांत प्रत्येकाचा एकेक सिद्धांत होता. सौभाग्यवतींच्या मतें वहिनींचें मन कशानें तरी दुखावलें असावें. चिरंजीवांचें म्हणणें असें, कीं ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळांत जुन्या घराचीं कौलें उडालीं, त्या छपराच्या खर्चांत दादानें वांटा दिला नाहीं, त्याचा हा संकोच. माझा सिद्धांत याहून कडक होता: दादाला पेणच्या घराची ओढच राहिली नाहीं. हा सिद्धांत मीं कौलांच्या हिशेबासह एका पानांत मांडला होता. आणि दादाची दृष्टि अधू झाली आहे म्हणून अक्षर चांगलें मोठें ठेवलें होतें. माणूस रागावला तरी काळजी सुटत नाहीं, ती अशी!

पत्र तयार झालें; मीं कळ दाबली; माजघरांत कांहींच हालचाल झाली नाहीं. जाऊन पाहतों, तों प्रिंटरचा हिरवा दिवा शांतपणें जळत होता. संगणकाच्या पडद्यावर मात्र ‘ऑफलाइन’ असा शेरा होता. म्हणजे एकाच्या मतें दुसरा घरांतच नाहीं, आणि दुसरा तर दिवा लावून वाट पाहात बसलेला!

मग निदानास आरंभ झाला. सूनबाई म्हणाल्या, “शाई संपली असेल.” त्यांनीं नवें कार्ट्रिज बसवलें. चिरंजीव म्हणाले, “राउटरचाच दोष.” त्यांनीं राउटर दोनदां बंद करून चालू केला. मी जुन्या वळणाचा. माझें मत पडलें, कीं कागद दमटले. हें मत अगदींच टाकाऊ नव्हतें. कोंकणांतल्या पावसांत कागद हवेंतलें पाणी पितो, त्याच्या कडा वळतात, आणि मग यंत्र एकाऐवजीं दोन पानें ओढतें किंवा मधेंच अडकून बसतें. म्हणून मीं सबंध गठ्ठा विजेच्या दिव्याखालीं शेकत ठेवला. गंमत अशी, कीं ज्याच्या हाताशीं जें औषध होतें, त्याच औषधाचा रोग त्याला दिसत होता. शिवाय तिन्ही औषधें आम्हीं एकदमच दिलीं. त्यामुळें रोगी बरा झाला असता तरी तो कोणाच्या गुणानें, हें कोणालाच सांगतां आलें नसतें. प्रत्येक उपचारानंतर मी आपला खोलींत येऊन पुन्हां कळ दाबीत असें. असें सात वेळां झालें.

संध्याकाळीं नात शाळेंतून आली. तिनें सर्वांच्या साक्षी ऐकून घेतल्या आणि विचारलें, “आजोबा, पण प्रिंटरला कोणीं विचारलें का?”

पोरगी थट्टा करते आहे, असें मला वाटलें. पण तिचें म्हणणें अगदीं खरें होतें. आम्हीं आपापल्या संगणकाला विचारलें होतें, एकमेकांना विचारलें होतें. ज्याच्याविषयीं एवढी चर्चा चालली होती, त्याला मात्र कोणीं विचारलें नव्हतें. प्रिंटरला आपली स्वतःची हकीकत छापून देण्याची सोय असते. आणि त्यासाठीं संगणक लागत नाहीं, त्याच्या अंगावरच्या कळाच पुरतात. नातीनें ती कळ दाबली आणि एक पान सुरळीत बाहेर आलें. पानावरचीं अक्षरें ठसठशीत होतीं. म्हणजे शाई होती. पान न अडकतां आलें होतें. म्हणजे कागद ठीक होता. सूनबाईंचा आणि माझा, असे दोन सिद्धांत त्या एका पानानें जागच्या जागीं निकालांत काढले. उरलेलें उत्तर पानाच्या मध्यावर छापलेलें होतें. प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.९ असा होता. आमचे तिन्ही संगणक मात्र आपला मजकूर १९२.१६८.१.५ या पत्त्यावर पाठवीत होते.

हें पत्त्यांचें प्रकरण थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. घरांतला राउटर हा एका परीनें चाळींतल्या खोल्या वांटणारा मेहता आहे. प्रत्येक यंत्र जागें झालें, कीं तो त्याला एक क्रमांक देतो. पण तो मालकीहक्कानें नव्हे, मुदतीच्या भाड्यानें. आदल्या रात्रीं पावसांत वीज गेली होती, ती पहाटें आली. तेवढ्यांत आमचा मेहता आधींचीं सारीं खातीं विसरला, आणि जो पहिल्यानें जागा झाला त्याला पहिली रिकामी खोली, असा त्यानें नवा कारभार मांडला. पांच क्रमांकाची खोली चिरंजीवांच्या मोबाइलला मिळाली. प्रिंटर सावकाश उठणारा. तो नवाच्या खोलींत गेला. संगणकांना हें कोणीं कळवलेंच नाहीं. ते जुन्याच दारावर थाप मारीत राहिले, आणि ओळखीचें उत्तर येईना तेव्हां ‘मालक घरीं नाहीं’ असा शेरा मारून मोकळे झाले. उपायही सोपा निघाला. प्रत्येक यंत्राला कारखान्यांतूनच बारा अंकाक्षरांची एक कायमची खूण मिळालेली असते. ती राउटरच्या वहींत नोंदवून, पांचाची खोली नेहमींसाठीं प्रिंटरच्या नांवें राखून ठेवतां येते. चिरंजीवांनीं तसें केलें.

राउटर पुन्हां चालू होईतों चिरंजीवांनीं एक गोष्ट सांगितली. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन नांवाचा एक तरुण काम करीत असे. तेथेंही प्रिंटर सामाईक, आणि त्यांत कागद अडकून पडे. लोक आपले तासभरानें जाऊन पाहात, तों छपाई झालेलीच नसे. जुन्या प्रिंटरच्या बाबतींत त्यानें अशी युक्ति केली होती, कीं कागद अडकला म्हणजे वाट पाहात असलेल्या सर्वांना तसा निरोप जावा. पुढें झेरॉक्स कंपनीनें प्रयोगशाळेला नवा लेझर प्रिंटर भेट दिला. पण त्याच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर दिला नाहीं. तो दुसऱ्या एका विद्यापीठांतील गृहस्थापाशीं होता. स्टॉलमननें त्याच्याकडे मागितला, तर ‘कोणास दाखवणार नाहीं असें वचन दिलें आहे,’ म्हणून त्यानें साफ नकार दिला. हा नकार स्टॉलमनच्या मनाला फार लागला. १९८३ मध्यें त्यानें ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ येथून सुरू झाली, आणि तिच्या मुळाशीं हा प्रिंटरचा प्रसंग होता असें तो सांगत आला आहे. मला या गोष्टींतली चळवळ पुरती समजली असें नाहीं. पण त्याची मूळ मागणी समजली. काय दुखतें तें दुखणाऱ्यानें वाट पाहणाऱ्यांस सांगावें, एवढीच ती मागणी होती.

गोष्ट संपते न संपते तों माजघरांत खडखडाट सुरू झाला. दार बंद मिळालें म्हणून संगणक मजकूर फेकून देत नाहीं. तो त्याला रांगेंत उभा करून ठेवतो. सूनबाईंचीं बिलें तीन तीन वेळां आलीं, नातीचा तक्ता दोन वेळां आला, आणि माझें पत्र सात वेळां. नात पानें गोळा करीत होती. “आजोबा, हें सगळें एकच आहे का?” तिनें विचारलें. मीं तीं घाईनें ओढून घेतलीं आणि खोलींत जाऊन दार लावलें.

राग एकदां लिहिला तर तो न्याय्य वाटतो. तोच सात वेळां, त्याच ओळींत, त्याच मोठ्या अक्षरांत समोर आला म्हणजे काय वाटतें, हें मला त्या रात्रीं कळलें. ‘तुला घराची ओढ राहिली नाहीं’ हें वाक्य प्रत्येक पानावर अगदीं त्याच जागीं होतें. पहिल्या पानावर तें मला करारी वाटलें. तिसऱ्यावर थोडें नाटकी वाटलें. आणि सातव्यावर मला प्रश्न पडला, कीं हें मला सांगितलें कोणीं? सौभाग्यवतींनीं त्यांचें मत सांगितलें, चिरंजीवांनीं त्यांचें, आणि उरलेलें माझ्या मनानें. दादाला कोणीं विचारलें होतें? पानें मीं खणांत टाकलीं. फाडावयाचीं म्हणून टाकलीं. पण तें मागाहून राहूनच गेलें.

दुसऱ्या दिवशीं मीं रोह्याची गाडी गांठली. पेण सोडलें, कीं कासू, नागोठणें, निडी, आणि मग रोहा. मधें तीन स्थानकें, एवढेंच अंतर. तीं तीन स्थानकें मला तीन वर्षांत ओलांडतां आलीं नव्हतीं.

दादा ओटीवर खुर्चींत बसला होता. मला पाहून तो उठूं लागला, आणि खुर्चीचे हात धरून अर्ध्यावरच थांबला. वहिनींनीं पुढें होऊन आधार दिला. अर्धें उत्तर मला तेथेंच मिळालें. तरीही चहा झाल्यावर मीं विचारलें, “दादा, तूं गणपतीला कां येत नाहींस?”

तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “गुडघे गेले रे. पाटावर मांडी घालून बसतां येत नाहीं. देवापुढें खुर्ची टाकून पूजा करावयाची, आणि तीही बाबांच्या घरांत, हें माझ्यानें होईना. ‘पूजा तूं कर’ म्हणून सांगणेंही जिवावर आलें. शिवाय मला वाटलें, छपराच्या पैशांवरून तूं रागावला असशील. त्या वादळांत आमचेंही छप्पर गेलें होतें. तुला कळवीन कळवीन म्हणतां राहून गेलें.”

“मग सांगितलें कां नाहींस?”

“तूं तरी कोठें विचारलेंस?”

वहिनी आंतून म्हणाल्या, “भाऊजी, दोघेही अगदीं मामंजींवर गेलां आहां!”

परतीच्या गाडींत मी विचार करीत होतों. पाटावर ताठ बसून खणखणीत आवाजांत पूजा सांगणारा दादा मला ठाऊक होता, आणि माझें सारें रुसणें-रागावणें त्याच्याच पत्त्यावर जात होतें. तो दादा तेथून केव्हांच हलला होता. म्हातारपणानें त्याला दुसरी खोली दिली होती. दादाच्या मनांतला मीही असाच कोठला तरी जुना भाडेकरू असलों पाहिजे. प्रिंटरची खोली त्याच्या नांवें कायमची राखून ठेवतां आली; माणसांच्या बाबतींत ती सोय नाहीं. तेथें वरचेवर जाऊन विचारावेंच लागतें.

त्या वर्षीं दादा आला. मूर्तीचा चौरंग आम्हीं एका मेजावर उंच ठेवला आणि त्याच्यापुढें खुर्ची मांडली. गुरुजींनीं कांहीं हरकत घेतली नाहीं. देवानेंही घेतली नाहीं. दादाचा आवाज थोडा कांपत होता, पण मंत्र एकही चुकला नाहीं. आरतीच्या वेळीं नातीनें मोठ्या अक्षरांत छापलेल्या आरत्या सर्वांच्या हातीं दिल्या. पाठकोरा कागद वायां घालवावयाचा नाहीं, हा आमच्या घरचा दंडक; आणि तो मींच तिला शिकवलेला. आरती संपली, दादानें आपला कागद उलटला, आणि माझ्या छातींत धस्स झालें. त्यानें तें पान सावकाश, अखेरच्या ओळीपर्यंत वाचलें, चार घड्या घातल्या आणि खिशांत ठेवलें.

जेवतांना तो कांहीं बोलला नाहीं. शेवटीं माझ्याकडे न पाहतां म्हणाला, “पत्र बरें लिहिलें आहेस. अक्षर मोठें ठेवलेंस तें चांगलें केलेंस. चष्मा लागला नाहीं.” आणि त्यानें आणखी एक मोदक मागून घेतला.