कानाची मुदत

आपल्या घरांतील सुट्टीची ठिकाणे बदलली आहेत. आमच्या लहानपणी सुट्टी म्हणजे आजोळ, एखादी यात्रा आणि फार तर महाबळेश्वर. आज आपल्या मुली-सुना, पुतणे-भाचे तारकर्लीला, गोव्याच्या ग्रँड आयलंडला किंवा अंदमानातील स्वराज द्वीपला जातात आणि पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून समुद्राच्या पोटात उतरतात. हा छंद मला वावगा वाटत नाही. मात्र घरात त्याविषयी बोलणे होते ते पॅकेजच्या दराचे आणि पाण्याखालच्या छायाचित्रांचे. कानाविषयी कोणी बोलत नाही. वस्तुतः या छंदात सर्वांत नेहमी आढळणारी इजा कानाचीच असते.

सांगली-कोल्हापूरकडून कोकणात उतरणाऱ्या प्रत्येकाने या इजेची पुसटशी चुणूक अनुभवलेली आहे. घाट उतरताना कानात दडे बसतात, आवंढा गिळला की ते सुटतात. घाटाने ६०० मीटर खाली आलो, तर हवेच्या दाबात जेवढा फरक पडतो, तेवढा फरक पाण्यात एक मीटर उतरण्याआधीच पडतो. पाणी हवेपेक्षा कितीतरी जड. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर कानाच्या पडद्यामागे जेवढी हवा असते, ती १० मीटरवर आकसून निम्मी होते. पुढच्या १० मीटरांत ती निम्म्यावरून एक तृतीयांशावर येते. म्हणजे सर्वांत मोठा फरक अगदी वरच्या थरात पडतो. ‘फार खोल नाही, चार-पाच मीटरच जायचे आहे’ हे वाक्य ऐकून निर्धास्त होणाऱ्या आईवडिलांनी एवढे ध्यानात ठेवावे, की कान दुखावतात ते बहुधा याच चार-पाच मीटरांत.

पडद्यामागच्या पोकळीपासून घशाच्या वरच्या भागापर्यंत एक अरुंद नळी जाते. एरवी ती मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते आणि आतली हवा बाहेरच्या दाबाशी जुळवून घेते. पाण्यात उतरताना हे काम मुद्दाम करावे लागते. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच हवा लोटायची. ही युक्ती अन्तोनिओ वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याचा कानावरील ग्रंथ १७०४ साली प्रसिद्ध झाला. तिच्यात कळीचा शब्द ‘हलकेच’ हा आहे. सर्दीने नळीचे तोंड सुजले असेल, तर ती उघडत नाही. पडदा आत ओढला जातो, आत रक्त उतरते, आणि तरीही खाली जात राहिलो, तर पडदा फाटतो.

हे सारे मी शिकलो ते माझ्या पुतणीमुळे. आमच्या हळदीच्या पेढीचे हिशेब ती सांभाळते. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात ती मैत्रिणींबरोबर मालवणला गेली. आठवडाभर सर्दी होती. नाकात औषधाचे थेंब घालून ती पाण्यात उतरली. चौथ्या मीटरच्या आसपास कान दाबला गेला. सोबतच्या प्रशिक्षकाने तिला थोडे वर आणले. तिने जोर लावून पुन्हा प्रयत्न केला. कानात तीव्र कळ आली, पाठोपाठ एकदम मोकळे वाटले, गार पाणी आत शिरल्यासारखे झाले आणि काही क्षण सगळे गरगर फिरले. वर आल्यावर कानातून रक्ताचा अंश आला. दुसऱ्या दिवशी सांगलीत कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासले. पडद्याला छिद्र पडले होते. ऐकण्याची चाचणी झाली. आतला कान शाबूत होता. कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, नाक जोराने शिंकरायचे नाही, मनाने कोणतेही तेल वा थेंब घालायचे नाहीत, एवढी पथ्ये मिळाली. अशी लहान छिद्रे बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येतात, असा धीरही त्यांनी दिला.

खरा पेच पुढे होता. फेब्रुवारीत अंदमानची सहल ठरलेली. तिच्या वाट्याचे ३८,००० रुपये आगाऊ भरलेले, आणि ते परत मिळणार नव्हते. सात आठवडे उलटले होते, दुखणे थांबले होते, ऐकू नीट येत होते. माझा धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, आता कसली भीती? एवढे पैसे पाण्यात घालायचे का?” तिलाही जायचेच होते.

डॉक्टरांनी पुन्हा तपासले. छिद्र बुजले होते. पण त्यांनी तिला नाक धरून हलकेच हवा लोटायला सांगितले, तेव्हा त्या बाजूचा पडदा जेमतेमही हलला नाही. पडद्याची हालचाल आणि मागचा दाब मोजणाऱ्या यंत्रानेही तेच दाखवले. ते म्हणाले, “भिंत बांधून झाली, पण दार अजून अडते आहे. नवी भिंत पातळ आहे. पुन्हा फाटली, तर या वेळेइतकी सहज भरेल याची हमी मी देत नाही.”

घरी आल्यावर तिने विचारले, “काका, तुम्ही काय कराल?” मी म्हणालो, “बाळ, भरलेली रक्कम तू गेलीस तरी गेली आणि नाही गेलीस तरी गेली. ती हिशेबात धरू नकोस. पुढे काय पणाला लावते आहेस, तेवढेच बघ.” रात्रभर ती गप्प होती. सकाळी तिने स्वतःच मैत्रिणींना कळवले.

नाकाच्या ॲलर्जीवर उपचार झाले. एप्रिलच्या अखेरीस दोन्ही कानांच्या चाचण्या सारख्या आल्या. पावसाळ्यात मालवणकडे डुबकी बंदच असते. नोव्हेंबरात, सर्दी नसताना आणि डॉक्टरांच्या लेखी अनुमतीने, ती आधी तरणतलावात आणि मग समुद्रात उतरली. दर अर्ध्या मीटरला कान मोकळा करीत, पाय खाली आणि डोके वर ठेवून.

‘किती दिवसांनी पुन्हा उतरायचे?’ असे मला अनेक जण विचारतात. एकच आकडा सर्वांना लागू पडत नाही. बाहेरच्या कानाला जंतुसंसर्ग झाला असेल, तर सूज व वेदना पूर्ण जाऊन उपचार संपेपर्यंत थांबावे. पडदा न फाटता नुसता दबला असेल, तर काही दिवस ते काही आठवडे. फाटला असेल, तर भरून आल्यानंतरही काही काळ, बहुधा दोन-तीन महिने वा अधिक. मात्र तिन्हींत शेवटची कसोटी तीच: डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर कान सहज मोकळा होतो की नाही.

चौथा प्रकार निराळा आणि गंभीर आहे. जोर लावल्याने आतल्या कानाच्या नाजूक पडदीला चीर पडू शकते. न थांबणारी भोवळ, कानात सतत गुणगुण, एकाएकी ऐकू कमी येणे ही तिची लक्षणे. अशी लक्षणे वर आल्यावर दिसली, तर दाबातील बदलाने रक्तात वायूचे बुडबुडे होणारा विकारही असू शकतो, आणि त्याचे उपचार वेगळे असतात. दोन्हींत त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रात्र जाऊ देऊ नये. आतल्या कानाच्या इजेनंतर पुन्हा डुबकी घ्यावी की नाही, हे केवळ तज्ज्ञाने ठरवावे. काहींच्या बाबतीत उत्तर कायमचे ‘नाही’ असते.

नाक मोकळे करणाऱ्या औषधाच्या भरवशावरही उतरू नये. त्याचा असर पाण्याखाली ओसरला, तर वर येताना हवा आतच कोंडते. कानात बोळेही घालू नयेत. आणि एक विनंती. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रकृतीविषयीचा एक छापील कागद पुढे येतो. त्यात कानाच्या जुन्या दुखण्यांविषयी, शस्त्रक्रियांविषयी प्रश्न असतात. सहीचे मोल आपण व्यापारी माणसे जाणतो. न वाचता आपण कोणत्याही कागदावर सही करीत नाही. मुलांनाही या कागदावर तशी करू देऊ नये. आणि मूल म्हणाले, ‘कान अजून बरा वाटत नाही,’ तर भरलेल्या पैशांचा विषय घरातल्या मोठ्यांनी तरी काढू नये.